अश्वशक्तीचे मापारी : जेम्स वॅट

बुलडाणा : जिल्ह्यातील एखाद्या विहिरीवर जावे, तर पंपाच्या मोटारीवर एक लहानशी धातूची पट्टी ठोकलेली दिसते. उन्हापावसाने तिच्यावरील अक्षरे बहुधा पुसट झालेली असतात. चिंधीने पुसल्यावर मात्र '३.७ किलोवॅट' आणि '५ एचपी' असे दोन आकडे शेजारीशेजारी वाचता येतात. दोन्ही आकडे एकाच शक्तीचे आहेत. पहिल्यात एका माणसाचे नाव आहे, दुसऱ्यात त्याच माणसाने मोजलेला घोडा आहे. जेम्स वॅट हे त्या माणसाचे नाव. ते कधी हिंदुस्थानात आले नाहीत. १८१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होते आणि येथील शेतांना पाणी मिळत होते ते बैलांच्या मोटेने. तरीही मोताळ्याच्या शेतकऱ्याचे वीजबिल, मेहकरच्या बाजारात विकला जाणारा ट्रॅक्टर आणि तरुणांच्या गप्पांमधील वेगवान मोटारी या सर्वांचे मोल आजही त्यांनीच घालून दिलेल्या मापाने ठरते.

वाफेच्या इंजिनाचे जनक म्हणून वॅट यांची ओळख शालेय पुस्तकांनी करून दिली. किटलीच्या झाकणाची गोष्टही प्रत्येकाने ऐकलेली असते. ती गोष्ट दंतकथेतच जमा करावी लागेल आणि वाफेचे इंजिन तर त्यांच्या जन्माआधीच, १७१२ मध्ये, थॉमस न्यूकमेन यांनी खाणीतील पाणी उपसण्यासाठी चालू केले होते. वॅट यांनी ते इंजिन काटकसरी केले. त्याहून कमी सांगितली जाणारी त्यांची कामगिरी म्हणजे, इंजिनाची शक्ती मोजून तिला आकडा दिला आणि त्या आकड्यावर पैसे वसूल केले. विकणारा, मापणारा आणि बिल करणारा एकच असला म्हणजे काय होते, हे खामगावच्या कापूस बाजाराला नव्याने सांगण्याची गरज नाही.

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या मुखाशी असलेल्या ग्रीनॉक या बंदरात १९ जानेवारी १७३६ रोजी वॅट यांचा जन्म झाला. आजोबा गणित शिकवीत. वडील जहाजाचे सुतारकाम, जहाजांसाठी लागणारी उपकरणे आणि व्यापार असा संमिश्र व्यवसाय करीत. हा व्यापार अटलांटिकपलीकडील वसाहतींशी होता आणि गुलामांच्या खरेदीविक्रीपासून तो अलिप्त नव्हता, हे अलीकडच्या संशोधनाने पुढे आणले आहे. मुलाची प्रकृती नाजूक. डोकेदुखी त्यांना जन्मभर पुरली. त्यामुळे सुरुवातीचे शिक्षण घरीच, आईच्या देखरेखीखाली झाले. वडिलांच्या कर्मशाळेत मुलासाठी वेगळी हत्यारे आणि लहानशी भट्टी होती. पुस्तकापेक्षा त्या भट्टीपाशीच त्यांचा अधिक वेळ जाई.

सतरा-अठराव्या वर्षी आई गेली आणि वडिलांच्या व्यापारालाही उतार लागला. गणिती उपकरणे तयार करण्याची कला शिकण्यासाठी वॅट १७५५ मध्ये लंडनला गेले. रीतसर उमेदवारी सात वर्षांची होती. त्यांनी एका कारागिराकडे ती विद्या एका वर्षात उरकली. हे वर्ष उपासमारीचे, थंडीचे आणि अखंड श्रमाचे गेले. परत आल्यावर ग्लासगो विद्यापीठाने १७५७ मध्ये त्यांना आपल्या आवारात कर्मशाळा थाटू दिली. तराजू, कंपास, चतुर्थांश यंत्रे यांची दुरुस्ती हे त्यांचे काम. मापाची साधने घडविणारा हा कारागीर पुढे स्वतःच एक माप घडविणार होता. विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि तरुण जॉन रॉबिसन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. वाफेत सुप्त उष्मा किती दडलेला असतो, याचा अभ्यास ब्लॅक करीत होते.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या संग्रहातील न्यूकमेन इंजिनाची एक लहान प्रतिकृती वॅट यांच्याकडे दुरुस्तीला आली. ती दुरुस्त झाली. पण चार फेरे मारून थांबू लागली. इतके लहान यंत्र इतकी वाफ का खाते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी मोजमापे घेतली आणि दोष उघड झाला. न्यूकमेनच्या इंजिनात वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरमध्येच पाण्याचा फवारा मारला जाई. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर थंड होई आणि पुढच्या फेऱ्यासाठी तो पुन्हा तापवावा लागे. कोळशाचा मोठा हिस्सा दट्ट्या हलविण्याऐवजी लोखंड तापविण्यात जात होता.

मे १७६५ मधील एका रविवारी ग्लासगोच्या मैदानावर फिरताना त्यांना उत्तर सापडले. वाफ सिलिंडरमध्ये थंड न करता शेजारच्या वेगळ्या भांड्यात ओढून घ्यायची आणि तेथे तिचे पाणी करायचे. सिलिंडर सदैव गरम, कंडेन्सर सदैव गार. कल्पना काही पावलांत सुचली; ती बाजारात यायला मात्र अकरा वर्षे लागली.

ही अकरा वर्षे वॅट यांच्या आयुष्यातील सर्वांत खडतर होत. १७६४ मध्ये त्यांनी मार्गारेट मिलर या नात्यातील बहिणीशी विवाह केला होता. संसार वाढत होता, कर्जही वाढत होते. जॉन रोबक या उद्योजकाने कर्जाचा भार उचलून पेटंटमध्ये दोन तृतीयांश वाटा घेतला आणि ५ जानेवारी १७६९ रोजी पेटंट मिळाले. पण अचूक गोल सिलिंडर घडविणारा लोहार मिळेना. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. पोट भरण्यासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत रानावनात हिंडत राहिले. १७७३ च्या शरद ऋतूत ते उत्तरेकडे अशाच एका मोजणीवर असताना घरून बोलावणे आले. ते पोचण्यापूर्वीच बाळंतपणात पत्नीचे निधन झाले होते. त्याच वर्षी रोबक यांचे दिवाळे वाजले.

संकटांच्या या गर्दीतूनच वाट निघाली. रोबक यांचा वाटा बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांच्याकडे आला. १७७४ मध्ये वॅट बर्मिंगहॅमला गेले आणि पुढील वर्षी ब्रिटिश संसदेने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली. तोफांच्या नळ्या कोरण्यात वाकबगार असलेल्या जॉन विल्किन्सन यांनी हवा तसा गोल सिलिंडर कोरून दिला. १७७६ मध्ये पहिली दोन इंजिने चालू झाली. एक कोळशाच्या खाणीवर, दुसरे विल्किन्सन यांच्याच लोखंडाच्या भट्टीवर. बोल्टन धडाडीचे आणि बोलघेवडे, वॅट संशयी, चिंताक्रांत आणि व्यवहाराच्या बोलण्याला घाबरणारे. ही जोडी पंचवीस वर्षे टिकली, याचे श्रेय बहुतांशी बोल्टन यांच्या सहनशीलतेला द्यावे लागेल.

खरा पेच होता पैशाचा. कंपनी संपूर्ण इंजिन विकत नसे. आराखडे, महत्त्वाचे भाग आणि उभारणीचा माणूस देई. मोबदला म्हणून जुन्या न्यूकमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा पेटंटची मुदत संपेपर्यंत घेई. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये कथील आणि तांब्याच्या खाणी होत्या, कोळसा नव्हता. तो समुद्रमार्गे आणावा लागे, म्हणून महाग पडे. वॅट यांचे इंजिन तेवढेच पाणी निम्म्याहून कमी कोळशात उपसत असे. खाणमालकांनी ते आनंदाने बसविले. हिस्सा देताना मात्र कुरबुरी सुरू झाल्या. इंजिनाचे फेरे मोजण्यासाठी कुलूपबंद पेटीतील मोजयंत्र बसविण्यात आले. किल्ली कंपनीकडे. ज्याला पैसे द्यायचे त्याचा मापावर विश्वास नाही आणि ज्याला घ्यायचे त्याचा माणसावर, अशी ही स्थिती होती.

१७८० नंतर नवे गिऱ्हाईक दिसू लागले. गिरण्या, दारूच्या भट्ट्या, सूतकताईचे कारखाने यांना पाणी उपसायचे नव्हते. चाक फिरवायचे होते. सरळ वरखाली होणारी हालचाल वर्तुळाकार करण्याच्या दांडीचे पेटंट दुसऱ्याच्या हाती गेल्याने वॅट यांनी १७८१ मध्ये 'सूर्य-ग्रह' दंतचक्राची वेगळी युक्ती काढली. पुढे दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलणारे इंजिन, १७८४ मध्ये समांतर गतीची जोडणी आणि १७८८ मध्ये वेग आपोआप आवरणारा नियंत्रक असे शोध एकामागून एक आले. समांतर गतीच्या जोडणीचा त्यांना इतर सर्व शोधांपेक्षा अधिक अभिमान वाटे.

मात्र या नव्या गिऱ्हाइकांपाशी तुलना करायला जुने वाफेचे इंजिनच नव्हते. त्यांच्याकडे घोडे होते. वाचलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा मागायचा, तर तेथे कोळसा कधी जळलाच नव्हता. गिरणीमालकाचा प्रश्न सरळ होता. हे यंत्र माझे किती घोडे वाचवील? अश्वशक्ती जन्माला आली ती प्रयोगशाळेतील कुतूहलातून नव्हे, बिलाच्या या अडचणीतून.

इंजिनाची घोड्यांशी तुलना करण्याची कल्पना वॅट यांची नव्हे. थॉमस सेव्हरी यांनी १७०२ मध्येच ती मांडली होती. वॅट यांनी तिला हिशेब दिला. १७८२-८३ मधील त्यांच्या टिपणांत हा हिशेब आहे. गिरणीला जुंपलेला घोडा सुमारे २४ फूट व्यासाच्या रिंगणात फिरतो, मिनिटाला सुमारे अडीच फेऱ्या घालतो आणि १८० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ८२ किलोंच्या जोराने ओढतो. आपल्याकडील तेलघाणीच्या बैलाचेच हे चित्र; बैलाच्या जागी घोडा आहे, एवढेच. रिंगणाचा परीघ, फेऱ्या आणि ओढ यांचा गुणाकार करून, आकडा थोडा सफाईदार करून वॅट यांनी ठरविले की एका अश्वशक्तीने मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलले जाते. आजच्या भाषेत, सेकंदाला सुमारे ७६ किलो वजन एक मीटर उचलणे.

हा आकडा उदार होता. जॉन स्मीटन या नामवंत अभियंत्याने घोड्याची ताकद याहून बरीच कमी धरली होती आणि दिवसभर जुंपलेला सामान्य घोडा ३३,००० चा वेग टिकवू शकत नाही. वॅट यांनी माप मुद्दाम मोठे ठेवले, असे मानले जाते. दहा अश्वशक्तीचे इंजिन घेणाऱ्याला दहा घोड्यांपेक्षा अधिकच काम मिळावे आणि तक्रारीला जागा उरू नये. माप विक्रेत्याने ठरविले, पण ते गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकते ठेवले. बाजारात पत अशानेच मिळते. त्या पतीवर वर्षाला दर अश्वशक्तीमागे पाच पौंड, लंडनमध्ये सहा पौंड, असा आकार ठरला. १७८५ मध्ये लंडनमधील व्हिटब्रेड यांच्या दारूभट्टीत घोड्यांचे काम करण्यासाठी बसविलेले इंजिन १८८७ पर्यंत चालले. ते आज सिडनीच्या संग्रहालयात आहे.

आकडा ठरला तरी एक प्रश्न उरलाच. शक्ती मोजायची कोठे? वॅट यांनी ती सिलिंडरच्या आत मोजली. वाफेचा दाब दाखविणारे 'इंडिकेटर' हे साधन त्यांनी तयार केले आणि त्यांचे सहायक जॉन सदर्न यांनी १७९६ मध्ये त्याला पेन्सिल आणि सरकता फलक जोडला. दट्ट्या फिरला की कागदावर आपोआप एक बंद आकृती उमटे. आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या फेऱ्यातील काम. ही युक्ती कंपनीने इतकी जपली की अनेक वर्षे बाहेर कोणाला तिचा सुगावा लागला नाही. पण आकृती दाखवी ती वाफेने दट्ट्यावर केलेली मेहनत. दट्ट्यापासून दांड्या, दंतचक्रे आणि आसावरून गिरणीच्या चाकापर्यंत जाताना घर्षण आपला वाटा कापून घेई. तो वाटा इंडिकेटरला दिसत नसे.

पुढे तर मापच नामधारी झाले. वॅट यांच्या काळातील वाफेचा दाब कमी असे. तोच दाब गृहीत धरून केवळ सिलिंडरच्या आकारावरून अश्वशक्ती सांगण्याची रीत पडली आणि दाब वाढल्यावरही ती चालू राहिली. एकोणिसाव्या शतकातील आगबोटींची कागदावरची अश्वशक्ती आणि प्रत्यक्ष अश्वशक्ती यांत काही पटींचे अंतर पडे.

वॅट यांच्या यशाला न्यायालयाची काळी किनार आहे. जोनाथन हॉर्नब्लोअर यांनी दोन सिलिंडरांचे नवे इंजिन काढले, एडवर्ड बुल यांनी पेटंट चुकविण्याचा प्रयत्न केला आणि कॉर्नवॉलच्या खाणमालकांनी रॉयल्टी देणे थांबविले. खटले वर्षानुवर्षे चालले. १७९९ मध्ये अखेरचा निकाल वॅट यांच्या बाजूने लागला. पेटंट संपायला तेव्हा एक वर्ष उरले होते. या पेटंटने इतरांच्या सुधारणा रोखल्या, असा आक्षेप काही अर्थ-इतिहासकार घेतात आणि त्यात तथ्य आहे. अधिक दाबाची वाफ वॅट यांना धोक्याची वाटे. तिच्या वापराला त्यांचा कायम विरोध राहिला.

त्यातही विलक्षण आहे ती वाहनाची कथा. कंपनीचे विश्वासू यंत्रज्ञ विल्यम मर्डॉक यांनी १७८४ च्या सुमारास कॉर्नवॉलमध्ये वाफेवर चालणाऱ्या गाडीची लहान प्रतिकृती पळवून दाखविली. वॅट यांना ही भरकट वाटली. मर्डॉक यांनी खाणींच्या इंजिनांकडे लक्ष द्यावे, गाडीच्या नादी लागू नये, यासाठी त्यांनी बोल्टन यांना मागे लावले. १७८६ मध्ये पेटंटसाठी लंडनकडे निघालेल्या मर्डॉक यांना बोल्टन यांनी वाटेतच गाठून परत फिरविले. स्वतः वॅट यांनी मात्र आपल्या १७८४ च्या पेटंटात वाफेच्या गाडीचे कलम घालून ठेवले होते. गाडी कधी बांधली नाही. मोटारींच्या अश्वशक्तीला ज्यांचे माप लागते, त्यांनीच पहिल्या गाडीच्या वाटेत धोंड ठेवावी, हा इतिहासाचा विनोद आहे. अधिक दाबाच्या वाफेनेच पुढे रेल्वे धावली आणि ती १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. खामगाव, मलकापूर, शेगावात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगला वाफेची यंत्रे लागली, ती त्याच शतकात.

१८०० मध्ये पेटंट संपताच दोन्ही भागीदारांनी कारभार मुलांवर सोपविला. वॅट यांची उतारवयातील वर्षे संपन्न, पण दुःखाने भरलेली होती. दुसऱ्या पत्नी ॲन यांच्यापासून झालेली मुलगी १७९४ मध्ये आणि बुद्धिमान मुलगा ग्रेगरी १८०४ मध्ये क्षयाने गेला. १८०९ मध्ये बोल्टन गेले. बर्मिंगहॅमजवळच्या हीथफील्ड येथील घराच्या माळ्यावर वॅट यांनी कर्मशाळा मांडली आणि पुतळ्यांच्या हुबेहूब प्रती कोरणाऱ्या यंत्रावर ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. जेवण तेथेच, कढईत शिजवून. २५ ऑगस्ट १८१९ रोजी त्यांचे निधन झाले. हँड्सवर्थच्या चर्चमध्ये त्यांना बोल्टन यांच्याजवळच चिरविश्रांती मिळाली. माळ्यावरची ती खोली पुढे हत्यारांसह उचलून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात नेण्यात आली.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८२१ मध्ये, फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी मापाची जागा सिलिंडरमधून आसावर आणली. फिरत्या आसाला लाकडी ठोकळ्यांनी आवळायचे, ठोकळ्यांना लांब दांडी जोडायची आणि ती गरकन फिरू नये म्हणून टोकाला किती वजन लागते ते पाहायचे. हा झाला प्रोनीचा ब्रेक. मोटारींच्या माहितीपत्रकात 'बीएचपी' लिहिलेले असते. त्यातील 'बी' तो हाच ब्रेक. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड यांनी लाकडाऐवजी पाण्याचा अडथळा वापरून मोठ्या जहाजांची इंजिने मोजण्याची सोय केली. शक्तिमापकाचे, म्हणजे डायनॅमोमीटरचे, घराणे येथून सुरू होते.

आज मोटारीचे इंजिन न काढताही मोजणी होते. गाडी रुळांवर चढवून पट्ट्यांनी बांधतात, इंजिनाने फिरणारी चाके जड रुळावर टेकतात आणि चालक पूर्ण जोर देतो. रूळ किती झपाट्याने वेग घेतो, त्यावरून चाकांशी पोचलेली शक्ती कळते. हा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी येतो आणि अनेक हौशी तरुणांचा येथे हिरमोड होतो. २००२ ते २००६ दरम्यानच्या 'मिनी कूपर एस' या छोट्या गाडीचे उदाहरण बोलके आहे. १.६ लिटरचे इंजिन, त्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर आणि कंपनीचा सुरुवातीचा आकडा १६३ अश्वशक्ती. गिअर, सांधे आणि टायर यांत पंधरा टक्के गेले असे धरले, तर रुळावर १३९ च्या आसपास दिसतील. सुपरचार्जर स्वतः इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणजे तोही आपली मजुरी आधीच कापून घेतो. ती वजावट कंपनीच्या आकड्यात अगोदरच झालेली असते. कंपनी खोटे बोलत नाही. तिने आसावर मोजले, रुळाने चाकावर मोजले.

हवामानाचाही हिशेब असतो. मे महिन्यातील मलकापूरच्या उन्हात हवा विरळ होते. राजूर घाट चढून समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंचावरील बुलडाण्यात आले की हवेचा दाब आणखी घटतो. तेच इंजिन तेथे कमी जोर देते. म्हणून मोजणीयंत्र तापमान आणि दाब पाहून आकडा सुधारून सांगते. ही सुधारणा कोणत्या नियमाने केली हे न विचारता दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ आहे. शिवाय युरोपीय पद्धतीची अश्वशक्ती ७३५.५ वॅटची आणि वॅट यांची ७४६ वॅटची. पीएस आणि बीएचपी यांतील हा दीड टक्क्याचा फरक गाडी विकताना क्वचितच कोणी सांगतो.

मोजणीयंत्रातील संगणक कितीही नवा असो, त्याच्या पोटात वॅट यांचा गिरणीचा घोडा अजून फिरत आहे. पिळाचा जोर फूट-पौंडात घेऊन त्याला मिनिटातील फेऱ्यांनी गुणतात आणि ५,२५२ ने भागतात. उत्तर अश्वशक्तीत येते. हा ५,२५२ कोठून आला? ३३,००० ला वर्तुळाच्या दुप्पट पायने भागले की तोच आकडा मिळतो. त्यामुळे या पद्धतीने काढलेल्या प्रत्येक आलेखात जोराची आणि शक्तीची रेषा ५,२५२ फेऱ्यांवर एकमेकींना छेदतात, गाडी कोणतीही असो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाची मोजणी ट्रॅक्टरची. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरची शक्ती मागच्या पीटीओ आसावर मोजली जाते आणि ओढण्याची ताकद वेगळी पाहिली जाते. इंजिनाची अश्वशक्ती मोठी, पीटीओची त्याहून लहान. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवायचे असेल, तर विचारायचा आकडा दुसरा आहे.

विहिरीवरही तेच. पाच अश्वशक्ती म्हणजे हिशेबाने सेकंदाला ३८० किलो पाणी एक मीटर वर. वीस मीटर खोल विहिरीतून सेकंदाला १९ लिटर यायला हवेत. पंपाची झीज, वाकडेतिकडे पाइप आणि कमी दाबाची वीज यांमुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी येते. पट्टीवरचा आकडा मोटारीच्या आसाचा आहे, पाटात पडणाऱ्या पाण्याचा नव्हे.

आणि बिल मात्र त्या आकड्यावर. मीटर नसलेल्या कृषिपंपांना महाराष्ट्रात दर अश्वशक्तीमागे ठरावीक आकारणी होत आली आहे; बर्मिंगहॅमच्या कंपनीने गिरण्यांना लावलेली रीत हीच होती. बिलावर नोंदलेली अश्वशक्ती मोटारीच्या प्रत्यक्ष अश्वशक्तीपेक्षा जास्त असल्याच्या तक्रारी शेतकरी संघटनांनी राज्यभर केल्या. कॉर्नवॉलच्या खाणमालकाला निदान कुलूपबंद पेटी दिसत होती. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याची योजना लागू केली. साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीच्या पट्टीवर ५.५ किलोवॅट असे लिहिलेले असते. खोल विहिरीसाठी ज्याने दहा अश्वशक्तीची मोटार बसविली, तो या रेषेच्या पलीकडे राहिला आणि त्याचे बिल येत राहिले.